आईची रेडिओवरची बाई

एका बाईचा मी कित्येक वर्षं मनापासून हेवा केला. तिचं तोंड मी कधी पाहिलं नाही, फक्त आवाज ऐकला. ती रेडिओवर संध्याकाळचा बायकांचा कार्यक्रम सादर करायची आणि एटापल्लीजवळच्या आमच्या गावात बसून माझी आई तिचा शब्द न् शब्द झेलायची.

मी चंद्रपूरला दवाखान्यात सिस्टर आहे. रक्तदाबाच्या रोग्यांना चार गोष्टी समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. आईला मी वर्षभर सांगत होते की मीठ कमी कर. तिने मान डोलावली आणि भातासोबत वाळल्या मासोळ्यांची चटणी तशीच वाढून घेतली. मग एक दिवस फोनवर म्हणाली, "मीठ सोडलं ना मी. रेडिओवरची बाई म्हने, मीठ बरं नाई." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर आणखी, "लय हुशार हाय ते. तुया गावातच राह्यते, भेटली नाई का कधी?" आलापल्लीच्या पलीकडे जे जे काही आहे ते सगळं आईच्या लेखी चांदा, म्हणजे चंद्रपूर. ती बाई बोलते ते केंद्र चांद्याचं नाही, हे मी तिला तीनदा सांगितलं आणि तीनदा तिने 'हो' म्हटलं.

सुट्टी काढून घरी गेले तरी तेच. सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांमागे धूळ खात, बस बदलत मी पोचायची, आणि साडेसहा वाजले की आई माझं बोलणं अर्ध्यावर तोडायची. "थांब, बाई येते." खिडकीत तिने खडूने दोन खुणा करून ठेवल्या होत्या. त्या खुणांवर रेडिओ नेमका आडवा बसला की आवाज भरायचा, जरा तिरपा झाला की खरखर. माझ्यासाठी तिने कधी इतक्या नेमकेपणाने पाटसुद्धा मांडला नव्हता. असल्या गोष्टी मी तेव्हा मनात धरून ठेवत होते. आता लिहिताना लाज वाटते, पण धरून ठेवत होते.

गेल्या खेपेला गेले तर गावात वेगळाच विषय चालू होता. रेडिओवर सांगितलं होतं की जुनं प्रसारण बंद करून डिजिटल आणायचा विचार आहे, श्रोत्यांनी आपलं मत पत्राने कळवावं. मला आतून जे बरं वाटलं ते विचारू नका.

शेजारचे निवृत्त गुरुजी आमच्या ओसरीवर चहाला बसले होते. ते डिजिटलच्या बाजूचे. "त्यात खरखर नाई. वीज कमी लागते. आन् एकाच जागी दोन-तीन कार्यक्रम लागतेत," ते आईला सांगत होते.

"आन् माहा रेडिओ?" आईने विचारलं.

"त्याच्यावर नाई लागनार. नवा घ्या लागंल."

"मी आणून देते ना," मी घाईने म्हटलं. मला तो खरंच आणायचा होता की नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं.

आई विचार करत होती. "गुरुजी, इथी डोंगरामागं आवाज कमी पडला तं?"

गुरुजी सरळ माणूस. म्हणाले, "तं मग येतच नाई. एक तं साफ, नाई तं बंद."

"म्हंजे हिच्या मोबाईलवानी," आई म्हणाली. "खरखर झाली तं मी कान देऊन आयकून घेते. बंदच पडलं तं का आयकू?"

गुरुजींनी चहा संपवला आणि ते उठले.

आईला सही येते, वाचता येत नाही. त्यामुळे पत्र मीच लिहायला बसले. ती सांगत गेली, "लिव, जुनं बंद करू नका. माहा रेडिओ चांगला हाय. तुमची बाई चांगली सांगते." मी मान खाली घालून लिहिलं, 'डिजिटल लवकर सुरू करावे. जुने बंद केले तरी आमची हरकत नाही.' आणि मोठ्याने वाचून दाखवलं ते मात्र तिचंच. आईने पेन घट्ट धरून, जीभ दातांत दाबून, एकेक अक्षर कोरत सही केली. मी पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं. बंद पडू दे एकदाची ती बया, एवढंच डोक्यात होतं.

साडेसहाला बाई आली. मी मुद्दाम मागच्या अंगणात भांडी घासायला गेले. खिडकी तिकडेच उघडते, त्यामुळे सगळं ऐकू येतच होतं. भाताच्या रोपांवरचा रोग झाला, लहान मुलांचा खोकला झाला, आणि शेवटी आपल्या मधाळ आवाजात ती म्हणाली, "आता मी आपला निरोप घेते."

लगेच आईचा आवाज आला. हळू, अगदी जवळच्या माणसाशी बोलावं तसा.

"पोरीले सांगजो, आली तं दोन दिस जास्त थांब म्हना. घुश्शात हाय ते. काऊन घुश्शात हाय, तूच इचारजो. माह्याजवळ बोलत नाई."

राखेचे हात तसेच घेऊन मी आत गेले. "कोणाशी बोलून राह्यली?"

"बाईशी." आईला त्यात काही लपवण्यासारखं वाटलं नाही. "रोजच म्हनते ना ते, आपला निरोप घेते. घेते म्हनते तं द्या लागते."

"रोज देते?"

"रोज. तुयासाठीच. दुसरं कोन हाय मले?"

आमच्याकडे निरोप म्हणजे सांगावा. निघताना कोणी निरोप घेत नाही, 'येतो' म्हणतात. शाळेत शिकलेला दुसरा अर्थ माझ्या ओठांवर आला होता, पण तो मी गिळला. एवढंच म्हटलं, "तिले आयकू जात नाई, आई."

"ठाऊक हाय मले. मी का येडी हावो?" तिने रेडिओ पदराने पुसला. "पन तू बी कुठी आयकते? फोन केला का म्हनते, ड्युटीवर हावो."

मी पर्समधून पत्र काढलं आणि तिच्यासमोर फाडलं. मी वाईट लिहिलंय, पुन्हा सांग, म्हटलं. काय लिहिलं होतंस, हे तिने विचारलं नाही. पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. सही करायच्या आधी म्हणाली, "आन् लिव, बाईजवळ माहे लय निरोप हायत. पोरगी भेटली तं देजो."

मी जसंच्या तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी एटापल्लीला बस पकडायच्या आधी पत्र पेटीत टाकलं. कोणाला वाटेल, माझा हेवा तिथे संपला. कसला संपतो! इतक्या वर्षांत आई रोज संध्याकाळी माझ्याशी बोलत होती, ते सगळं त्या बाईला मिळालं, आणि मला मिळाला तो एकच निरोप, तोही चोरून ऐकलेला.