पाच वाजताची फट

पंजा पसरून तो डोळ्यांसमोर धरायचा आणि म्हणायचा, “अण्णा, ही बोटं म्हणजे कामं. माझा प्रोग्राम फक्त मधल्या फटी शोधतो.”

वाचकहो, कानडी मुलखात, यशवंतपूरच्या एका कचेरीसमोर अर्ज लिहून देणे हा माझा व्यवसाय. शिक्षण सातवीपर्यंत, तथापि माझ्या मसुद्यात खोट काढणारा अधिकारी अद्याप जन्मावयाचा आहे. हा पुण्याचा इंजिनियर वडिलांसह आमच्याच गल्लीत राहत असे. त्याच्या कारखान्यात नुकतीच साहेबांची रोजची कामे संगणकावर नोंदवली जाऊ लागली होती. सर्वांच्या नोंदी वाचून, सगळे एकदम मोकळे केव्हा, हे त्याचा प्रोग्राम सांगे आणि तिथे मीटिंग ठेवून देई.

“आणि तू केव्हा मोकळा?” मी विचारी.

“ते मशीनलाच विचारावं लागेल!”

सगळे मोकळे सापडत ते बहुधा पाच वाजता. त्याच वेळी त्याचे वडील बूट चढवून पायरीवर बसलेले असत. अर्धांगवायूने एक पाय लुळा पडला होता. रोज चालवला नाही तर तो कायमचा जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. मुलाच्या हाताशिवाय मात्र ते लांब चालू शकत नसत.

एके दिवशी भिंत धरत धरत ते माझ्या टेबलाशी आले. “अर्ज लिहा.”

“कोणाच्या नावे?”

“चिरंजीवांच्या. तोंडी सांगून झालं. साहेबलोक कागदाशिवाय ऐकत नाहीत.”

“सरी, बरं,” म्हणत मी लेखणी उचलली. ‘विषय: रोज सायंकाळी पाच वाजता अर्जदारास हात धरून फिरवून आणणेबाबत.’

“ते ‘कृपावंत’ वगैरे नको. बाप आहे मी त्याचा.”

“नमुन्यात असतं, काका.”

“मग असू द्या.”

मुलाने तो अर्ज माझ्यासमोरच वाचला. आधी मोठ्याने हसला. मग खालच्या थरथरत्या सहीवर बोट ठेवून म्हणाला, “अण्णा, ही वेळ मी कधी नोंदवलीच नव्हती. न नोंदवलेलं सगळं प्रोग्रामला मोकळंच दिसतं.”

दुसऱ्या दिवशी त्याने पाचच्या रकान्यात ‘बाबा’ असे घातले. मीटिंगा सकाळी सरकल्या, साहेब कुरकुरले. बापलेक माझ्यासमोरून जाऊ लागले, आणि काठी उंचावून म्हातारा ओरडे, “अर्ज मंजूर!”

पुढे वडील गेले. तरीही तो पाचला येई, माझ्या बाकावर एकटाच बसे.

“पाचच्या रकान्यातलं नाव काढलंस का रे?”

“स्वल्प, थोडे दिवस राहू दे, अण्णा.” पंजा पसरून तो पाहत राही, मग हलकेच बोटे जुळवी.

नंतर तो परदेशी गेला. हल्ली पाचच्या सुमारास कोणी घाईने कागद पुढे केला, की मी हात वर करतो, बोटे जुळवून, मध्ये फट न ठेवता. लोकांना वाटते, मी थांबा म्हणतो आहे.