रविवारी भाऊ येणार

मनोरुग्णालयाच्या बायकांच्या वॉर्डात मोठ्या सिस्टरांची एकोणीस वर्षं गेली होती. इतक्या वर्षांत त्यांनी एक गोष्ट जिवापाड जपली होती: पेशंटला थापा मारायच्या नाहीत. सुई दुखणार असेल तर दुखेल म्हणायचं.

वॉर्डात शिवणकाम करणारी एक पेशंट होती, सगळे तिला शिवणवाली म्हणायचे. तीन वर्षांपूर्वीच ठणठणीत झालेली, पण भाऊ घरी न्यायला तयार नव्हता. रोज सकाळी गोळ्या घेताना ती विचारायची, "भावाचा फोन?"

"नाही आला गं," सिस्टर सांगायच्या.

पूर्वी पाळीला पाच नर्स असायच्या, आता दोनच. बायका सत्तर. घरी गेल्यावर सिस्टरांना कुणाचा आवाज नकोसा व्हायचा. लेक काही सांगू लागली की त्यांच्या तोंडून निघायचं, "हं, मग कसं वाटलं तुला?"

"आई, मी पेशंट नाहीये," लेक एकदा म्हणाली आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं.

त्या गुरुवारी एकीने सिस्टरांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला होता, दुसरी न्हाणीघरात आतून कडी लावून बसली होती. त्या धांदलीत शिवणवालीने विचारलं.

"आला होता," सिस्टर बोलून गेल्या. "रविवारी येतोय."

रविवार त्यांच्या सुट्टीचा. पण घरात जीव रमेना. दुपारी वॉर्डात येऊन पाहतात तर शिवणवाली केस विंचरून, बोचकं मांडीवर घेऊन दाराशी बसलेली. सकाळी सातपासून. जेवलीही नव्हती.

"फोन आलाच नव्हता गं. मी खोटं बोलले."

शिवणवाली रडली नाही, ओरडली नाही. "मग गोळी कसली देता, ते तरी खरं सांगता का?" एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून तिने सिस्टरांच्या हातून गोळी घेणं सोडलं.

सिस्टरांनी बदलीचा अर्ज लिहिला. मेट्रनबाईंनी तो वाचून परत सरकवला. "तुझ्या जागी कुणाला उभं करू? आणि हो, मंगळवारी नव्या नर्सांना ताण कसा सांभाळायचा ते शिकवायचंय. तुझंच नाव दिलंय."

सिस्टरांना हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. शेवटी मेट्रनबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

मंगळवारी त्यांनी छापील कागद वाचून दाखवला. पुरेशी झोप घ्या, नाही म्हणायला शिका. पुढच्या बाकावरच्या पोरीने विचारलं, "सिस्टर, तुम्ही कसं सांभाळता?"

"नाही सांभाळत," सिस्टर म्हणाल्या आणि शिवणवालीची सगळी हकीकत त्यांनी सांगून टाकली. कुणी वही मिटली, कुणी मान खाली घातली.

महिन्याभराने त्याच पोरीची नेमणूक त्यांच्या वॉर्डात झाली. सिस्टरांनी पुन्हा अर्ज नेला.

"आधी हिला तयार कर, मग बघू," मेट्रनबाई म्हणाल्या.

"किती दिवस लागतील?"

"तुला किती लागले होते?"

सिस्टर अर्ज घेऊन वॉर्डात परतल्या.