सासूचे चाळीसपैकी चाळीस

मानोऱ्याच्या अलीकडच्या तांड्यावर धुरपताबाईनं घरी बसून दहावी द्यायची म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरला, तेव्हा तांड्यानं पोट धरून हसून घेतलं. नवरा दौलतसिंग म्हणाला, "या वयात आता कलेक्टर होतं का?" धुरपताबाई म्हणाली, "कलेक्टर कायले? मले फक्त ट्रकमधी चढायचं नाई."

गोष्ट एवढीच होती. दर दिवाळीनंतर ऊसतोडीचा ट्रक तांड्यावर येई आणि नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, त्यात चढे. लग्न झाल्यापासून धुरपताबाईचं एकही साल सुटलं नव्हतं. आता गावातल्या बचत गटांचं काम पाहायला पोक्त वयाची, दहावी पास बाई हवी होती. पास झाली तर घरी राहणार, नापास झाली तर पुन्हा पाचट, खोपी आणि डोक्यावर मोळी. यंदा तिच्या जागी मुलगा राजपालनं बापाबरोबर कोयता धरला आणि आईला अभ्यासाला मोकळं केलं; ट्रक सुटला त्या दिवशी ती फॉर्मच्या कामाला मानोऱ्याला गेली होती.

मास्तरीण घरातच होती. राजपालची बायको रंजीता बारावी पास. अभ्यासापुरती घरची गोरमाटी बोली बंद, मराठीच बोलायचं, हा नियम सासूचाच. वेळापत्रकही सासूनंच केलं आणि ते बघण्यासारखं होतं. घड्याळावर तिचा विश्वास नाही, म्हणून विषय तिनं कामांना वाटून दिले. भाकरी थापताना विज्ञान, कारण तिथं आच, वाफ, राख सगळंच हजर. गोठ्यात इतिहास, कारण म्हशी मधे बोलत नाहीत. धुणं धुताना भूगोल, भंगारवाल्याशी घासाघीस करताना हिंदी, पीठ चाळताना मराठीच्या कविता. इंग्रजी मात्र शेळ्यांमागे, लांब माळावर, जिथं चुकलं तर ऐकणारं कोणी नाही. उरलं गणित. त्याला काही केल्या काम सापडेना, म्हणून त्याला 'सवड मिळाली की' अशी जागा दिली. कधी बारसं, कधी पाहुणे, कधी नुसताच कंटाळा. गणित बिचारं दाराशी ताटकळत राहिलं.

रंजीताला हे सगळं दिसत होतं. पण ज्या घरात सून सासूसमोर बाजेवर बसत नाही, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्या घरात ती सासूची चूक कुठली काढणार? सासूला ती याडी म्हणे, म्हणजे आई. धुरपताबाईनं गंगा नदी पश्चिमेला नेऊन सोडली तरी रंजीता म्हणे, "तसंबी असंन याडी, पन पुस्तकात जराशी अलग देली हाय."

परीक्षा जवळ आली तरी गणिताला सवड मिळाली नाही. शेवटी तिनं गणिताचा एक जुना पेपर सासूपुढे ठेवला. धुरपताबाईनं दुपारभर घाम गाळून तो सोडवला. रंजीतानं लाल पेन उघडला, पहिलं उत्तर पाहिलं आणि तिचा हात तिथंच अडला. सासूच्या उत्तरावर फुली? आपल्या हातानं? तिनं सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या आणि चाळीसपैकी चाळीस देऊन मोकळी झाली.

झालं! हरभऱ्याच्या झाडावर चढायला धुरपताबाईला एवढंच पुरे होतं. गणिताला तिनं कायमची सुट्टी दिली. हॉलतिकीट आणायला मानोऱ्याला गेली तेव्हा तो पेपर तिनं बरोबर नेला आणि शाळेतल्या सरांपुढे ऐटीत पसरला. सरांनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला.

"बाई, हा तपासला कोणी?"

"आमच्या सुनेनं. बारावी पास हाय."

"सून गुणाची आहे तुमची," सर हळूच म्हणाले, "पण यातली दोनच उत्तरं बरोबर आहेत."

परतीच्या ऑटोत धुरपताबाईनं भाड्यासाठी घासाघीससुद्धा केली नाही. असा प्रवास त्या ऑटोवाल्याच्या नशिबी पहिल्यांदाच आला असेल. घरी येताच तिनं पेपर रंजीतापुढे टाकला.

"मले फुल मार्क काहून देले?"

"तुमचे मार्क मी कशी कापू, याडी?" रंजीता रडवेली झाली.

"आन् परीक्षेत कापतीन तवा? तू माही इज्जत राखली पोरी, पन ट्रकमधी मलेच चढा लागंन ना!"

बोलता बोलता तिचा आवाज फाटला. राग होता, पण त्याहून भीती मोठी होती. उसाच्या पात्यांनी चिरलेले हात, मोळ्या वाहून मोडलेली कंबर, सगळं तिला एकदम आठवलं आणि ती उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडली. रंजीताही रडली. रडून झाल्यावर धुरपताबाईनं नाक पुसलं, बाज पुढे ओढली, सुनेला खांद्याला धरून तिच्यावर बसवलं आणि स्वतः डोक्यावर पदर घेऊन खाली जमिनीवर बसली.

"गणित चालू हाय तोवर तू सासू, मी सून. सासू कशी बोलते थे तुले शिकवा लागत नाई."

पहिली फुली रंजीतानं मुंगीएवढी, वाकडीतिकडी मारली. दुसरी जरा सरळ आली. पुढे तर तिचा आवाजच चढला.

"वजाचं चिन्ह कुठं गेलं? डोये हायेत का बटनं?"

धुरपताबाईनं चमकून वर पाहिलं. भाकरी करपली की हे वाक्य ती रोज सुनेला ऐकवत असे.

"अगाई! मी अशी बोलतो?"

"याच्याऊन जोरात बोलता," रंजीता म्हणाली आणि दोघी पोट दुखेपर्यंत हसल्या.

त्यानंतर इतिहास गोठ्यातच राहिला, पण सकाळची पहिली वेळ गणिताला मिळाली. रंजीता सासूपणात चांगलीच रमली. चुलीपाशी धुरपताबाईचा आवाज मात्र तेव्हापासून जरा खाली आला.

निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, गणितात अगदी काठावर. पण काठावरही पाय कोरडेच राहतात. गटाचं काम तिला मिळालं.

दिवाळी झाली आणि ट्रक आला. दौलतसिंग आणि राजपाल चढले. मुकादमानं सवयीनं धुरपताबाईला वर ओढून घ्यायला हात पुढे केला. तिनं त्याच्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं आणि मागे सरली. ट्रक निघाला तशी ती रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. हसावं की रडावं ते तिला कळेना. लहान लहान होत जाणारा तांडा तिनं दर वर्षी ट्रकमधून पाहिला होता. लहान लहान होत जाणारा ट्रक ती पहिल्यांदाच पाहत होती.