शिरढोणची वाघाटी

पुण्याहून सकाळच्या एस.टी.ने निघालो तेव्हा पिशवीत कागद, पेन्सिली आणि रंगांची डबी होती. प्राण्यांची चित्रे काढणे हा माझा उद्योग. पण वाघाटी (अंगावर ठिपके असलेले छोटे रानमांजर) मी भुसा भरलेलीच पाहिली होती. शिरढोणला एक जिवंत सापडली आहे, असा निरोप पनवेलच्या इब्राहिमभाईंनी धाडला होता. बाजारात त्यांचे भांड्यांचे दुकान, आणि आमचा जुना स्नेह.

बोरघाट उतरलो तशी हवा चिकट झाली. इब्राहिमभाईंनी आधी जेवायला बसवले. तांदळाची भाकरी आणि नारळाच्या रसातली मासळी होती.

"आरामात खा, जनाब. जनावर फाशात अडकलंय, पळणार कुठं?" ते म्हणाले.

फाशाचे मला ठाऊक नव्हते. मी ताट सरकवून उठलो.

टांग्याने शिरढोणला पोचलो. कर्नाळ्याचा सुळका उन्हात धुरकट दिसत होता. दामा नावाच्या शेतकऱ्याच्या अंगणात डालगे (बांबूची मोठी टोपली) पालथे घातलेले होते.

"कोंबऱ्या खातंय," दामा म्हणाला. "लेक बालंतपनाला आलीय, तिच्यासाठी राखल्या व्हत्या. परवा लावली फासकी."

मी वाकून पाहिले. घरच्या मांजराएवढीच, पण पाय लांब. पिवळसर अंगावर काळे ठिपके, कपाळावरून मानेकडे गेलेले पट्टे, नाकाच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या रेघा, आणि गोल कानांच्या मागे एकेक पांढरा डाग. तार पुढच्या पायात हाडापर्यंत रुतली होती. ती काढायला कुणी धजले नव्हते. पंजा सुजला होता. एरवी म्यानात राहणारी नखे बाहेर आली होती आणि तिला ती आत घेता येत नव्हती.

पाणी ठेवले, तिने तोंड लावले नाही.

"सोडून दे हिला," मी म्हणालो.

"सोरली त जाईल कुटं? चालता येत नाय."

"पनवेलला गुरांचा डॉक्टर आहे, ओळखीचा. घेऊन जाऊ," इब्राहिमभाई म्हणाले.

दामाची लेक तान्ह्याला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. तिने आतून जुने लुगडे आणून दिले. "नेऊ दे त्याना, बाबा. डोल्यांम्होरं मराया नको."

लुगड्याने डालगे बांधत असतानाच आतली धडपड थांबली. टांग्यात ठेवण्यापूर्वीच ती गेली होती.

हात धुवायला मी खुराड्याजवळच्या पाण्याच्या डोणीपाशी गेलो. चिखलात पावले उमटली होती. पाच बोटे, प्रत्येकापुढे नखाची टोकदार खूण. मांजराच्या पावलात चारच बोटे उमटतात आणि नखे दिसत नाहीत. चालताना ते ती आत ओढून घेते. ही पावले उदमांजराची होती. ते नावापुरतेच मांजर : तोंड लांबट, पाय आखूड, नखे पुरती न लपणारी. आणि पावले ताजी होती.

"काल रात्री कोंबडी गेली का?" मी विचारले.

"गेली की येक," लेक म्हणाली.

काल रात्री वाघाटी डालग्याखाली होती. ती बिचारी उंदरांच्या मागावर आली असावी. मी दामाला सगळे समजावून सांगितले. त्याला वाईट वाटावे, अशी माझी इच्छा असावी.

त्याने वाकून पावले पाहिली. मग डालग्याचे लुगडे सोडून त्याने मेलेल्या वाघाटीच्या पायातली तार उलगडली आणि गवताला पुसली.

"यो उदमांजर कंच्या वाटेनं येतंय, समजल का तुमाला?"

माझी नजर नकळत पावलांच्या रांगेवरून कुंपणाच्या भोकापर्यंत जाऊन आली होती, आणि त्याची नजर माझ्या मागोमाग गेली. तार घेऊन तो तिकडे चालू लागला.

परतीच्या गाडीत मला त्याचा राग आणता येईना. लेकीच्या पोटाची काळजी त्याला होती, मला नव्हती. माझी चित्रे पाहून शाळेतली मुले प्राणी ओळखायला शिकतात, याचा मला अभिमान असे. नीट ओळखले की माणूस त्यांना जपेल, अशी माझी समजूत होती. गाडी घाट चढून खंडाळ्याला आली, गार वारा लागला, लोक चहाला उतरले. मी जागचा हललो नाही.