वसुधा कौतुक करायची तेव्हा

माझी बायको पेशंटशी खोटं बोलायची.

वसुधा मुलांची डॉक्टर. येरवड्यातल्या एका वस्तीत तिचं एका खोलीचं क्लिनिक होतं. आज तिला जाऊन वर्ष झालं.

त्या वस्तीत बाळ छान भरलंय असं तोंडावर म्हणायचं नाही. नजर लागते.
कोणी म्हटलंच, तर आई पुढच्या वेळी बाळाला वजनकाट्यावर ठेवत नाही. मग घटलेलं वजन कळणार कसं?

म्हणून बाळ गुटगुटीत असलं की वसुधा तोंड वाकडं करायची.
"काय गं हे? नुसती काडी!"
आई खूश.

बाळ खरंच खंगलेलं असलं, की तिचा आवाज मऊ व्हायचा. अशा आईला आणखी काय बोलायचं, म्हणायची.

हळूहळू बायकांना हे कळलं.

एकदा मी तिला न्यायला गेलो होतो. वस्तीतल्या रेश्माची तान्ही मुलगी काट्यावर होती.
वसुधा म्हणाली, "डोळे किती सुंदर आहेत गं हिचे."
रेश्मा मटकन खाली बसली.
"बाई, शिव्या द्या हो हिला. तुमच्या पाया पडते."

औषधं, अंडी, दर आठवड्याला काटा. उन्हाळा सरता सरता वसुधा एकदाची ओरडली, "कसलं हे ध्यान! उचल हिला."
त्या दिवशी क्लिनिकभर चहा झाला.

घरी आमटी मी करायचो.
"पाणचट," ती म्हणायची. लग्नापासून.

तिचे रिपोर्ट आले त्या दिवशी मी काही विचारलं नाही. पान वाढलं.
तिने एक भुरका घेतला.
"अहो, आमटी छान झालीय."

"पाणचट म्हण."

तिने वाटी पुढे केली. आणखी वाढून घेतली.

आज सकाळी रेश्मा आली. मुलगी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, हातात शेवंतीची फुलं.
रेश्माने माझ्याकडे पाहिलं. मग घराकडे.
"सर," ती हळूच म्हणाली, "तब्येत छान आहे की तुमची."

मला कळलं.

मी मुलीकडे वळलो. "काय गं हे? नुसती काडी!"
दोघी हसल्या. गेल्या.

दुपारी आमटी केली. एकट्यापुरती करायला अजून जमत नाही.

पाणचट झालीय, वसुधा.

तुला एवढाच निरोप.