वाटणाऱ्याची शेवटची घागर

ओल्या करवंटीचा वास अजून माझ्या नाकात आहे… शेवाळाचा, गार दगडाचा आणि किंचित जुन्या खोबऱ्याचा. उन्हाळ्यात आमच्या बारवेचं पाणी इतकं तळाला जायचं की घागर बुडत नसे; मग पायऱ्या उतरून झऱ्यापाशी बसायचं आणि झिरपेल तसं पाणी करवंटीने भरायचं. ती करवंटी दरवर्षी एकाच माणसाच्या हाती असे – माझ्या आत्याच्या.

तो काळ निजामाच्या राजवटीचा. पिंगळी स्टेशनातल्या गाडीची शिट्टी वाऱ्यावर ऐकू यावी, एवढ्या अंतरावर आमचं गाव. बारव खोल करून मिळावी म्हणून गावाने तहसिलीत दरखास्त दिली होती. ती तिथे सुखाने झोपली असावी. मग गावाने आपलाच इंतजाम केला. आधी पिण्याच्या घागरी, मग गुरंढोरं, मग भाजीपाला, आणि जो पाणी वाटेल त्याची घागर सगळ्यांत शेवटी. पंगतीत वाढणारा मागून जेवतो, तसंच. कुणाला चार करवंट्या जास्त गेल्या तर वाटणाऱ्याचीच घागर रिकामी राहणार, म्हणून वाटप चोख होई. या मानासाठी कुणी भांडत नसे, हे सांगायला नकोच.

आत्या नवरा गेल्यावर माहेरी आली होती. तोंडाने फटकळ, हाताने सढळ. बारवेजवळ बाबांनी तिला जमिनीची एक चिंचोळी पट्टी दिली होती आणि तिथे तिने मोगरा लावला होता. घरची पिण्याची घागर आईच्या पाळीत येई. आत्याची ती शेवटची घागर मोगऱ्याची. तिला स्वतःला फूल माळायची त्या काळी मुभा नव्हती. पण संध्याकाळी ओंजळभर कळ्या घेऊन ती ओट्यावर बसायची आणि आळीतल्या आम्हा मुलींच्या वेण्या गजऱ्यांनी भरून टाकायची. साऱ्या जगात आत्याचं म्हणावं असं तेवढंच होतं.

एका वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि चैत्रातच झरा मंदावला. त्याच दिवसांत एक धनगर कुटुंब मेंढरं घेऊन बारवेपाशी येऊन थांबलं. त्यातली ठकूबाई, कडेवर कोकरू घेतलेली, वरूनच म्हणाली, “बाई, लय तान्हेली हायत लेकरं. मोठ्या मेंढरांला नदीपत्तुर दम निघंल, कोकरांला न्हाई निघायचा.”

वर गलका झाला. गावालाच पाणी नाही, परगावच्या मेंढरांना कुठलं? लोकांचंही काही चुकत नव्हतं. सगळ्यांचेच घसे कोरडे होते. आत्याने सगळ्यांच्या घागरी ठरल्याप्रमाणे भरल्या. मग आपली घागर भरून ती वर आली आणि गुरांच्या दगडी डोणीकडे वळली.

बाबा हळूच म्हणाले, “अक्का, मोगरा जाईल तुझा.”

“जाऊ दे की. मोगरा वरडतो का तहानेनं? ही बघ कशी वरडायलीत!” मग गावाकडे वळून म्हणाली, “माजी पाळी हाय. मोगऱ्याला घालीन न्हाईतर डोणीत वतीन. कुनाच्या घागरीतलं कमी केलं का मी?”

आणि तिने घागर डोणीत रिती केली. कोकरांनी डोणीत तोंडं घातली आणि त्यांच्या शेपट्या आनंदाने थरथरू लागल्या… ते बघून मला उगाच रडू आलं होतं. कोकरांच्या पायांत बळ येईपर्यंत ते कुटुंब राहिलं आणि तेवढे सगळे दिवस मोगरा कोरडा राहिला. पानं करपली, फांद्या काटक्यांसारख्या झाल्या. आत्या त्या बाजूला बघायचंच टाळायची.

निघण्याच्या सकाळी ठकूबाई मोगऱ्यापाशी बसली. नखाने एकेक फांदी खरवडून बघितली. बुडाशी एकीत हिरवं दिसलं. ती तिने मुळासकट उकरली, ओल्या लोकरीत गुंडाळली आणि कोकरासारखी कडेवर घेतली. “नदीकाठी जगवते,” एवढंच म्हणाली. उरलेला मोगरा त्या उन्हाळ्यात मेला.

दसऱ्याच्या सुमारास मेंढरं परत फिरली. ठकूबाईच्या कडेवर मडक्याचं बूड होतं आणि त्यात हिरवंगार रोप. आत्याने ते हातात घेतलं आणि तशीच पट्टीत जाऊन खड्डा करायला बसली.

पुढे राजवट गेली, येलदरीचं धरण झालं, आणि मी परभणीत राहायला आले. इथे नळ रोज येत नाही, तेव्हा पाणी पुरवून वापरावं लागतं. पण कुरकुर करावीशी वाटत नाही. मला न मागता किती मिळालं आणि त्यासाठी कोण शेवटी थांबलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गच्चीवरच्या कुंडीत त्याच मोगऱ्याची फांदी आहे. सगळ्यांचं भरून झालं की शेवटचा तांब्या तिला घालते. आत्याचा फोटो कुणी कधी काढलाच नाही… म्हणून पहिलं फूल उमललं की एका करवंटीत पाणी घेते आणि ते त्यात सोडते.