भागाबाईंचं गप्प बसणं

ख्रिस्ती मंडळीची नोंद, कुरुंदा, सन १९३७. नाव: भागाबाई. वय: अंदाजे चाळीस. शिक्षण: निरंक. धंदा: हळदीची मजुरी. मंडळीस उपयुक्त असे कृपादान (देवाने दिलेला गुण): निरंक.

हस्ताक्षर उपदेशक तातेरावांचं आहे.

तातेराव नगरला शिकून आलेले. त्यांच्या उपदेशात ‘पवित्रीकरण’ आलं की लोक त्यांच्याकडे आदराने आणि भागाबाईंकडे आशेने बघत. कुरुंद्याच्या देवळाची रीतच होती: गुरुजींनी सांगायचं, मग भागाबाईंनी उठून ते उलगडायचं. “हळद आधी उकडावी लागती, मंग वाळवावी, मंग घासावी. तवा कुठं पिवळीधमक दिसती. गुरुजी म्हणतेत, देव आपल्याला तसंच करून राहिला.” माना डोलत. त्या आपल्यासाठी डोलत नाहीत, एवढं तातेरावांना कळत होतं.

एका रविवारी त्यांनी पवित्र शास्त्र उघडून सुनावलं, बायांनी मंडळीत गप्प बसावं.

“बराबर हाय, गुरुजी,” भागाबाई म्हणाल्या आणि बसल्या.

आज्ञा पाळून इतका सूड क्वचितच कुणी उगवला असेल. वर्षभर त्या दर रविवारी पहिल्या रांगेत, तातेरावांच्या नेमक्या समोर, तोंडाला पदर लावून बसल्या. बाहेर कुणी अर्थ विचारला तर म्हणत, “मला काय कळतंय? गुरुजीला पुसा.”

मग पाद्री साहेब तपासणीला आले. म्हाताऱ्या मसाजीला त्यांनी विचारलं, “वर्षात काय शिकलात?”

“गुरुजी लई मोठ्यानं बोलतेत, साहेब.”

“आणखी?”

“लई येळ बोलतेत.”

“मग असा उपदेशक ठेवून काय करायचं?” साहेब म्हणाले.

तातेराव वाकून कुजबुजले, “भागाबाई, सांगा की.”

“शास्त्रात बसतं का, गुरुजी?”

“बसतं. जे करायचं ते एकमेकांच्या वाढीसाठी करावं, असंही आहे.”

“कोण्या पानावर?”

“त्याच.”

“खाली का वर?”

“वर.”

“मोठ्यानं सांगा. मसाजीदादाला कमी ऐकू येतं.”

तातेरावांनी मोठ्यानं सांगितलं. तेव्हा भागाबाई उठल्या, पदर खोचला. “गुरुजी म्हणतेत, देवानं ज्याला जे देलं ते दुसऱ्याच्या कामी यावं. आन् म्हणतेत, मी अर्धंच पान वाचलं, माझी चूक झाली.”

दुसरं वाक्य गुरुजी म्हणाले नव्हते. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. गुरुजींनी मान डोलवली.

साहेबांनी वहीत शेरा मारला: उपदेशकाचे काम समाधानकारक, मंडळीस उपदेश समजतो. भागाबाईंपुढचं ‘निरंक’ तसंच राहिलं.

पुढच्या रविवारी तातेराव बोलायला उभे राहिले, तेव्हा लोक भागाबाईंकडे तोंड करून बसले होते.